संप मागे कोणी घ्यायचा?

एअर कॅनडा या विमान कंपनीच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूपुढे २०२५च्या उन्हाळ्यात प्रश्न ठेवला गेला, तो असा : गरज पडली तर संप पुकारण्याचा अधिकार संघटनेला द्यायचा का? मतमोजणीत ९९.७ टक्के मते बाजूने पडली. त्या मतदानाने संप सुरू झाला नाही, फक्त अधिकार मिळाला. वाटाघाटी चालू राहिल्या, त्या फिसकटल्यावर कायद्याप्रमाणे ७२ तासांची नोटीस गेली आणि १६ ऑगस्टला विमाने थांबली. बारा तासांच्या आत सरकारने लवादाचा आदेश काढून कामावर परतायला सांगितले. संघटनेने तो आदेश जुमानला नाही. १९ तारखेला तडजोड झाली. पुढे तडजोडीतला पगाराचा भाग सभासदांपुढे मतदानाला ठेवला, तेव्हा ९९.१ टक्क्यांनी तो नाकारला. म्हणजे संपाला होकार देणाऱ्यांनीच नेत्यांनी आणलेला आकडा पुरेसा नाही, हेही मतपत्रिकेवरच सांगितले.

बुलढाणा जिल्ह्यात विमानतळ नाही. इथली केबिन क्रू म्हणजे खांद्याला तिकिटाचे मशिन लटकवून उभ्या गर्दीतून वाट काढणारा कंडक्टर. तुलना वाटते तेवढी ओढूनताणून आणलेली नाही. एअर कॅनडाच्या भांडणाचा गाभा असा होता, की विमान हलेपर्यंतच्या कामाचे पैसे मिळत नाहीत. प्रवासी बसवणे, सामान लावणे, तासन्‌तास खोळंबणे, सगळे फुकट. आपल्याकडच्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला हे समजावून सांगावे लागणार नाही. रात्री गावात गाडी लावायची, जमेल तिथे किंवा गाडीतच अंग टाकायचे, पहाटे दूधवाल्यांच्या आणि कॉलेजच्या पोरांच्या वेळेला पहिली फेरी काढायची. त्या रात्रीचा भत्ता किती, हे विचारले तर माणूस हसतो.

म्हणून २०२१-२२च्या एसटी संपाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. मागण्या खऱ्या होत्या. बारा-पंधरा हजारांत घर चालवणारे चालक-वाहक, महिनोन्‌महिने लांबलेले पगार, कोरोनाचा काळ आणि त्यात झालेल्या अनेक कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या. त्यावर कोणाचे दुमत नव्हते. प्रश्न वेगळा आहे. तो संप कोणी पुकारला होता?

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्याच्या मागण्या मान्य झाल्यावर २८ तारखेला ते मागे घेतले. नेत्यांच्या लेखी विषय संपला. आगारांमध्ये मात्र तो तिथूनच सुरू झाला. एसटीचे राज्य सरकारमध्ये विलीनीकरण झाल्याशिवाय माघार नाही, म्हणत एकेक आगार बंद पडत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली सर्व २५० आगारे थांबली. बुलढाणा विभागातली सातही, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि जळगाव जामोद, त्यातच आली. राजूरच्या घाटातून मलकापूरकडे उतरणारी लाल गाडी दिसेनाशी झाली आणि काळी-पिवळीवाले मागतील ते भाडे द्यावे लागू लागले. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी, उघडले होते. मानव विकास योजनेच्या गाडीने शाळेत जाणाऱ्या मुलींची दीड वर्षाने भरलेली शाळा पुन्हा सुटली.

या संपाला मतदान नव्हते. आगाराच्या फाटकाशी सभा, घोषणा, हात वर, टाळ्यांच्या गजरात ठराव. त्या क्षणी ते पुरते. फाटकाशी उभा असलेला माणूस खोटे बोलत नसतो. पण शेजारी उभे असलेल्यांनी हात वर केले असताना आपला खाली ठेवायला जे धैर्य लागते, ते गाडी घाटात उतरवायला लागणाऱ्या धैर्यापेक्षा निराळे असते. आणि टाळ्या मोजता येत नाहीत. सत्तर टक्के होते की नव्वद, हे सरकारलाही कळत नाही, नेत्यालाही नाही आणि खुद्द संपकऱ्यालाही नाही.

गंमत म्हणजे मतदान शेवटी झालेच. ते प्रशासनाने घेतले. आज किती कर्मचारी हजर झाले, किती गाड्या सुटल्या, याचे आकडे महामंडळ रोजच्या रोज जाहीर करत होते. हजेरीपट हीच मतपत्रिका ठरली. ती गुप्त नव्हती. रुजू होणाऱ्याला फाटकातल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून आत जावे लागे आणि गाडी घेऊन निघाला तर दगडाची भीती. न होणाऱ्याच्या हातात निलंबनाचा कागद पडे. असे मतदान पाच महिने चालले आणि त्याचा निकाल कोणीच जाहीर केला नाही.

खरी अडचण पुढे आली. २४ नोव्हेंबरला तेव्हाचे परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार, त्यापुढच्यांना चार हजार, वीस वर्षांवरच्यांना अडीच हजार. आझाद मैदानावर संपकऱ्यांसोबत बसलेले गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत दुसऱ्या दिवशी बाजूला झाले. संप चालूच राहिला. २० डिसेंबरला, ज्या एका संघटनेने संपाची नोटीस दिली होती तिच्या अध्यक्षांनी संप मागे घेतल्याचे सांगितले. संप चालूच राहिला. नेतृत्व वकील गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे गेले. विलीनीकरण शक्य नाही, असा याच प्रश्नासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल आला. अखेर ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हायला सांगितले, तेव्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. तीनदा मागे घेतलेला संप एकदाही मागे आला नाही. कारण जो संप कोणाच्या अधिकाराने सुरू झाला नव्हता, तो मागे घेण्याचा अधिकारही कोणाकडे नव्हता.

संपाआधीच्या मतदानाचे खरे मोल मला इथे दिसते. कामगार कायद्याच्या चर्चेत त्याकडे नेहमी सुरुवातीचा अडसर म्हणून पाहिले जाते. मालकाला वाटते, मतदान सक्तीचे केले की संप कमी होतील; कामगार नेत्याला वाटते, ही आपले हात बांधण्याची युक्ती. दोघांचेही लक्ष संपाच्या पहिल्या दिवसावर असते. मतदान उपयोगी पडते ते शेवटच्या दिवशी. ज्यांनी मोजून अधिकार दिला, त्यांच्यापुढेच तडजोड मोजायला ठेवता येते. नोव्हेंबरातली ती पगारवाढ सातही आगारांत चिठ्ठीवर ठेवली असती तर काय निकाल लागला असता, मला माहीत नाही. नाकारलीही गेली असती. अमेरिकेत युनायटेडच्या केबिन क्रूने २०२४मध्ये ९९.९९ टक्क्यांनी संपाचा अधिकार दिला आणि संप न करताच संघटनेने करार आणला, तर जुलै २०२५मध्ये ७१ टक्क्यांनी तोही फेटाळला. संघटना पुन्हा वाटाघाटीला बसली, विमाने उडत राहिली. नकार मोजलेला असला की त्याचे पुढे काय करायचे हे ठरवता येते.

या गोष्टी परदेशातून आणायच्या आहेत, असे कोणी समजू नये. महाराष्ट्राच्या कायद्यात त्या पन्नास वर्षांपासून लिहिलेल्या आहेत. कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा १९७१चा आपला कायदा १९७५मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार मान्यताप्राप्त संघटना असलेल्या आस्थापनेत, नोटीस देण्यापूर्वी त्या संघटनेच्या बहुसंख्य सभासदांचे मत न घेता केलेला संप बेकायदा ठरतो. पण कलमात गुप्त मतदानाचा उल्लेख नाही, आणि मत फक्त मान्यताप्राप्त संघटनेच्या सभासदांचे. मान्यतेसाठी तीस टक्के सभासद पुरतात. एसटीत लहानमोठ्या संघटना वीसच्या वर. उरलेल्यांनी मत कुठे द्यायचे? आपले पी. बी. गजेंद्रगडकर अध्यक्ष असलेल्या राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९मध्येच संपाच्या नोटिशीआधी मतदान आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा सुचवला होता. २००२च्या दुसऱ्या आयोगाने आस्थापनेतल्या सर्व कामगारांचे मतदान आणि ५१ टक्क्यांची अट मांडली. २०२०ची औद्योगिक संबंध संहिता मात्र चौदा दिवसांची नोटीस घेऊन थांबते आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एका दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तो संप समजते. मतपेटी तिने गाळली.

रजेचे कलम कशातून आले असेल, हे मे २०२४ने दाखवले. एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोनशेच्या आसपास केबिन क्रूने एका रात्रीत आजारपण कळवले आणि विमाने रद्द होत गेली. कंपनीने पंचवीस जणांना काढले, दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, काढलेल्यांना परत घेतले. भांडण दोन दिवसांत मिटले. आपल्याकडे असे ‘आजारपण’ म्हणजे चतुराई मानली जाते. माझ्या मते ती कमकुवत संघटनेची खूण आहे. जिच्या हातात मोजलेला होकार असतो, तिला तापाचे सोंग करावे लागत नाही.

मतदानाची सवय आपल्या रुळांवर तरी आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात. जुन्या पेन्शनसाठी रेल्वेच्या संघटनांनी नोव्हेंबर २०२३मध्ये देशभर संपाबाबत मतदान घेतले आणि बहुसंख्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला. संप झाला नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली. त्यातले श्रेय मतपेटीचे किती आणि निवडणुकीच्या राजकारणाचे किती, यावर वाद घालता येईल. १९७४च्या मे महिन्यातल्या संपानंतर रेल्वेचा देशव्यापी संप झालेला नाही, म्हणून ही मतदाने विधीपुरती उरली, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. तरी एकेका कर्मचाऱ्याला कागदावर आपले मत स्वतः नोंदवावे लागते, हा विधी फुकट नाही.

विरोधातला एक मुद्दा मात्र वजनदार आहे. सरकारने मतदानाचे नियम लिहायला घेतले की ते नियम संप मोडायच्या कामी येतात. डिसेंबर २००९मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूने सुमारे ९२ टक्क्यांनी संपाला होकार दिला होता, आणि मतदान करणारेही ८० टक्के होते. तरी लंडनच्या न्यायालयाने संपाला मनाई केली. कारण स्वेच्छेने नोकरी सोडून जाणाऱ्या काही जणांनाही मतपत्रिका गेल्या होत्या. त्या मतांनी निकाल बदलला नसता. टपालानेच मत देण्याची सक्ती तिथे आधीपासून होतीच; पुढे २०१६च्या कायद्याने किमान ५० टक्के मतदानाची अटही घातली. आपल्याकडे असा कायदा आला, तर पहिल्याच संपाची मतदार यादी न्यायालयात जाईल आणि कामगार ऊन खात फाटकाशी बसेल. म्हणून हे काम सरकारवर सोपवू नये.

दुसरी भीती नेत्यांची. ५५ विरुद्ध ४५ असा निकाल लागला तर? मग संप करू नये. अर्धे आगार नाइलाजाने बंद असताना चालवलेला संप कुठे जातो, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांनी पुकारलेला संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कायद्याने मान्य संघटना एकीकडे, कामगार दुसरीकडे, आणि दोहोंपैकी कोणाचे खरे हे मोजायची सोयच नव्हती. मार्च २०२३मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनचा संप सात दिवसांत मागे घेतला गेला, तेव्हा फसवले गेल्याची भावना जिल्ह्याजिल्ह्यांत ऐकू आली. नेत्यांनी फसवले की नाही, मला ठाऊक नाही. विचारले असते तर तो आरोप उरला नसता.

सप्टेंबर २०२४मध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, एसटी पुन्हा थांबली आणि दोन दिवसांत मूळ वेतनात साडेसहा हजारांच्या वाढीवर संप मिटला. तो लवकर मिटला हे सर्वांच्या भाग्याचे. पण दर वेळी भाग्य आणि सणाचा मुहूर्त मदतीला येणार नाही. बुलढाणा विभागातल्या संघटनांनी आतापासूनच ठरवावे : पुढच्या वेळी सात आगारांत सात पेट्या, सगळ्या संघटनांच्या प्रतिनिधींसमोर मोजणी, कोणत्याही संघटनेचा सभासद असो वा नसो, प्रत्येक चालक, वाहक, यांत्रिक कामगाराला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर प्रश्न दोन असावेत. संपाचा अधिकार द्यायचा का, हा पहिला. तडजोड आली तर ती तुमच्यापुढे पुन्हा मतदानाला ठेवल्याशिवाय संप मागे घ्यायचा नाही, हे मान्य आहे का, हा दुसरा. यासाठी विधानसभेत विधेयक लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही. संघटनांच्या घटनेत एक दुरुस्ती लागते, आणि ती सुचवायला वार्षिक सभेत उठून उभा राहणारा एक सभासद पुरतो.