अष्टमीची बैठक

ठाणे खाडीत डोल जाळं लावणारा माणूस भरतीची वेळ सांगताना आधी तिथी मोजतो. तिथीची पाऊणकी केली की पूर्ण भरतीचा तास निघतो : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि जाळ्याला मासळी लागते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. पाणी मंद चालतं, माणसं जाळी शिवत घरी सापडतात. लोकांना बरोबर घेऊन खाडीचा आराखडा करायचा असेल, तर बैठक कधी ठेवायची हे या हिशेबावरून कळतं. आपल्याकडे मात्र बैठकीची तारीख साहेबांच्या सवडीने ठरते. उधाणात बोलावलं आणि कोणी आलं नाही, की ‘लोकांना रस नाही’ असा शेरा पडतो. या शेऱ्याचा मला मनापासून राग येतो.

ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीत हा प्रश्न नुसत्या तारखेचा राहत नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. रस्ते, सेक्टर, स्थानकं सारं कागदावर नेटकं होतं. ज्यांची शेती आणि मिठागरं त्यात गेली, त्यांना आराखडा दिसला तो संपादनाच्या नोटिशीतून. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. म्हणजे आखणीच्या वेळी जे विचारायला हवं होतं, ते रक्त सांडल्यावर ऐकलं गेलं.

आता ऐरोलीच्या दाराशी दुसरा आराखडा उभा आहे. ठाणे खाडीचं 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीत वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, पक्षी पाहायला तिथून बोटी सुटतात. हे काम मोलाचं आहे. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या नाशाला जगण्याच्या हक्काचा भंग म्हटलं, ते योग्यच झालं. पण कांदळवन राखायचं ठरलं, म्हणजे ते कोणी आणि कसं राखायचं हेही ठरलं असं होत नाही. गाळ कुठे चढतोय, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी जाळ्यात प्लॅस्टिक येतं, हे ऐरोलीच्या दिवा गावातल्या होडीवाल्याला रोज दिसतं. आराखड्यात त्याची जागा ‘सूचना व हरकती’च्या रकान्यात असते. आखणी त्यांची, हरकत आपली. या वाटणीतून लोकांचा आराखडा कधीच निघणार नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही वाटणी उलटी केली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे आधी अभ्यासगट बसले. जंगलाचा कायदा काय सांगतो, बांबू कोण तोडतं, पैसा कुठे जातो, हे गावाने स्वतः शिकून घेतलं. निर्णय बहुमताने होत नसे. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढच्या सभेत. शहरी माणसाला हे वेळखाऊ वाटेल. पण ज्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, तोच पुढे रात्री जंगलाची राखण करायला उठतो. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबूच्या वाहतूक परवान्यांसाठी त्यानंतरही झगडावं लागलं. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कागदावर हक्क आणि हातात परवानापुस्तक, या दोहोंमधलं अंतर गावाने पार केलं ते सभेच्या सवयीच्या बळावर.

मेंढ्याला ग्रामसभा होती. ऐरोली-दिव्याला ती नाही. 1992 मध्ये नवी मुंबई महापालिका आली आणि ग्रामपंचायती गेल्या. शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे, पण आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा भरलेली पाहिलेले वाचक किती निघतील? खेडं शहरात आलं की त्याला गटार मिळतं, दिवे मिळतात आणि बोलण्याची हक्काची जागा जाते. माझ्या मते ऐरोलीतली खरी उणीव हीच आहे.

राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेत गटांना 90 टक्के अनुदान मिळतं, 10 टक्के गटाने घालायचे. खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातला जिताडा अशी कामं त्यात बसतात. मला त्या 10 टक्क्यांचं महत्त्व जास्त वाटतं. स्वतःचा पैसा अडकला की गटातली बाई हिशेबाची वही मागते, खेकड्याचं बी कोणाकडून आणि काय भावाने घेतलं हे विचारते. मात्र कुठलं काम करायचं हे वरून ठरून आलं असेल, तर ती वही फक्त खर्चाची राहते.

म्हणून दिव्यात पहिली क्षेत्रसभा अष्टमीला भरावी, संध्याकाळी, बाजारातून बाया परतल्यावर. विषय एकच ठेवावा : नाल्यांच्या तोंडांची यादी. कुठल्या नाल्यातून काय येतं हे होडीवाल्यांनी सांगायचं, गावातल्या शिकलेल्या मुलींनी नकाशावर मांडायचं, आणि महापालिकेच्या अभियंत्याने समोर बसून कुठल्या नाल्याला कचरा अडवणारी जाळी कोणत्या महिन्यात बसेल ते लिहून द्यायचं. पुढच्या अष्टमीला तोच कागद पुन्हा वाचला जावा. काम झालं नसेल तर ते का झालं नाही, हे त्याच अभियंत्याने त्याच माणसांसमोर सांगावं.