गोष्ट आणि श्रद्धा: ख्रिस्ती बालसाहित्यातील एक प्रश्न

मुलांसाठी लिहिलेल्या ख्रिस्ती कथांचा हेतू उघड असतो. गोष्टीच्या निमित्ताने श्रद्धा दृढ व्हावी, ही त्यामागची अपेक्षा असते. परंतु कल्पित प्रसंगांनी श्रद्धा खरोखर बळावते का, आणि बळावत असेल तर कशी, हा प्रश्न जुना आहे. त्याची मुळे शुभवर्तमानातच आहेत. येशूने शिकवण दिली ती बरीचशी दाखल्यांतून, आणि दाखल्याचा निवाडा अनेकदा ऐकणाऱ्यावरच सोपवला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात रुसून बाहेर उभा राहिलेला थोरला भाऊ अखेर मेजवानीला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ने (१६७८) वेगळी वाट धरली. या रूपककथेत पात्रांची आणि ठिकाणांची नावेच त्यांचा अर्थ सांगतात. पुस्तक मोठ्यांसाठी लिहिलेले होते, तरी पाठीवर ओझे घेऊन निघालेल्या यात्रेकरूचा प्रवास मुलांनी आपलासा केला. वधस्तंभापाशी ते ओझे गळून पडते, हा प्रसंग समजायला पापक्षमेचा सिद्धान्त आधी ठाऊक असावा लागत नाही. हरि केशवजींनी १८४१ मध्ये हे पुस्तक ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले.

एकोणिसाव्या शतकातील बऱ्याच बोधकथांनी मात्र वाचकाला अशी मोकळीक दिली नाही. काही वर्षे हिंदुस्थानात राहिलेल्या मेरी मार्था शेरवुड यांच्या ‘फेअरचाइल्ड फॅमिली’त (१८१८) भावंडे भांडतात, म्हणून वडील त्यांना भावाचा खून करणाऱ्या माणसाचे फाशीच्या खांबावर लटकणारे प्रेत दाखवायला नेतात. अशा धाकाने मुले आज्ञा पाळतील. पण त्यांच्या मनात देवाविषयी प्रेम उपजेल, असे नाही.

सी. एस. लुईस यांनी नेमके याच अडचणीवर बोट ठेवले. ख्रिस्ताच्या दुःखाबद्दल अमुक वाटलेच पाहिजे, असे बजावले की तसे वाटेनासे होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नार्नियाच्या सात पुस्तकांमागे एक कल्पना आहे: बोलणाऱ्या प्राण्यांच्या जगात देवाचा पुत्र सिंहरूपाने आला असता, तर काय घडले असते? म्हणूनच लुईस या कथांना रूपककथा म्हणायला तयार नव्हते.

याच मालिकेतल्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मधील (१९५२) युस्टेसचा प्रसंग या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. हावरटपणापायी हा मुलगा ड्रॅगन बनतो. तो स्वतःची कातडी ओरबाडून काढतो, तर खाली तसलीच दुसरी. ती काढावी, तर तिसरी. शेवटी अस्लान हा सिंह नखांनी खोलवर फाडतो. वेदना असह्य होतात, पण कातडी निघते. मग तो युस्टेसला पाण्यात टाकतो आणि त्यातून पुन्हा मुलगा बाहेर येतो. माणसाचे तारण स्वतःच्या प्रयत्नाने होत नाही, ते कृपेने होते, ही शिकवण इथे एकाही उपदेशाच्या वाक्याविना येते. जाणत्या वाचकाला त्यात बाप्तिस्माही दिसतो.

या पद्धतीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. फिलिप पुलमन यांच्यासारख्या टीकाकारांना त्यात छुपा धर्मप्रचार दिसतो. उलट काही श्रद्धाळूंना तिचा आडपडदा नको असतो. ख्रिस्ताचे नावच न घेणारी कथा मुलाला ख्रिस्तापर्यंत कशी नेणार, असे ते विचारतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. मात्र असंख्य मुले नार्निया केवळ साहसकथा म्हणून वाचतात आणि तिथेच थांबतात. म्हणजे ही कथा कोणावर बळजबरी करत नाही, आणि तिच्या भरवशावर श्रद्धा आपोआप येतही नाही.

यावरून अशा साहित्याची कसोटी ठरवता येते. शंका घेणाऱ्या पात्राला लेखक खरी शंका घेऊ देतो का? प्रार्थना केली की लगेच संकट टळते, असा सोपा हिशेब तो मांडतो का? तसा हिशेब शिकलेल्या मुलाची श्रद्धा पहिल्याच अनुत्तरित प्रार्थनेपाशी डळमळते. क्षमा, कृपा आणि त्याग यांची ओढ लावणे, इथपर्यंत कथेचे काम. पुढची ओळख बायबल, प्रार्थना आणि मंडळी यांतून व्हायची असते. ‘डॉन ट्रेडर’च्या शेवटी अस्लान स्वतःच ही मर्यादा सांगतो: मुलांच्या जगात त्याचे नाव वेगळे आहे आणि त्या नावानेच त्यांनी त्याला ओळखायला शिकले पाहिजे.