बाळाच्या हृदयातील छिद्र आणि मागच्या जन्माचे पाप



एका पौर्णिमेला अंबरनाथच्या एका विहारात वंदना आटोपल्यावर एक आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या दोन वर्षांच्या नातवाच्या हृदयात जन्मतःच छिद्र आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि पुढच्या मुलाचा विचार करण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्या, असेही बजावले. आजींचा प्रश्न मात्र निराळा होता. "भाऊ, आम्ही देव सोडले, दीक्षा घेतली. मग हे कोणत्या जन्माचे भोग?" सून मुलाला कडेवर घेऊन भिंतीशी उभी होती. ग्रहणात तिने विळी हातात धरली म्हणून असे झाले, हे शेजारणींनी तिला आधीच ऐकवले होते.

देव्हारा घरातून एका दिवसात निघतो. पूर्वजन्मीचे पाप मनातून निघायला दोन पिढ्याही पुरत नाहीत, हे त्या दिवशी मला पुन्हा कळले.

हाच प्रश्न मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारला होता. माणसाचे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, हे खरे काय? संयुत्त निकायात याचे उत्तर आहे. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे. अशी आठ कारणे तेथे येतात आणि कर्म हे त्यांतले केवळ एक आहे. सगळे पूर्वकर्माच्या माथी मारणारे चुकतात, असे भगवंत स्पष्ट सांगतात. बाबासाहेब याहून पुढे गेले. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वकर्माचा सिद्धांत आनुवंशिकतेच्या शास्त्रासमोर उभा करून तपासला. गरिबाच्या हालांची जबाबदारी समाजाला टाळता यावी, यापलीकडे त्या सिद्धांताचा हेतू काय, असा त्यांचा सवाल आहे. स्वतः बाबासाहेब आणि रमाईंची चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न 1926 साली गेला. त्या माउलीला कोणी पूर्वजन्माचे पाप दाखवू धजेल काय?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. कित्येकदा नेमके कारण सापडत नाही. कधी गरोदरपणी आईला रुबेला झालेला असतो, कधी तिचा मधुमेह आटोक्यात नसतो. काही बाळांत गुणसूत्रांचा फरक असतो. ज्यांच्यात एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असते, अशा डाऊन सिंड्रोमच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. एका मुलाला साधा, एकटा दोष असेल, तर पुढच्या भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन-तीन. पण बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला असेल आणि आई किंवा बापातही तोच फरक असेल, तर प्रत्येक गरोदरपणी तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. एकाला झाले, आता दुसरे सुटले, हा हिशेब येथे चालत नाही. छापा-काट्यासारखा प्रत्येक डाव नवा असतो.

म्हणूनच समुपदेशक आधी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष मांडतो. कोणाची बाळे निळी पडून गेली? कोणाचे गर्भ पडले? नवरा-बायको नात्यातली आहेत काय? येथेच घरे गप्प होतात. उल्हासनगर असो की बदलापूर, धाकट्या नणंदेचे लग्न मोडेल या धाकाने गेलेली बाळे वंशवृक्षातूनही गाळली जातात.

माझ्या मते खरा नैतिक प्रश्न हा आहे. भगवंतांनी चेतनेला कर्म म्हटले. आईबाप मुलाला गुणसूत्र देतात तेव्हा त्यात चेतना नसते. तेथे पापही नाही, अपराधही नाही. पण माहीत असलेली गोष्ट चुलतभावापासून, होणाऱ्या व्याह्यांपासून दडवताना चेतना असते. चौथे शील तेथे लागू होते. सगळ्या वस्तीत दवंडी पिटा, असे मी म्हणत नाही. ज्याच्या मुलाबाळांचा प्रश्न आहे, त्याला कळले पाहिजे, एवढेच.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. गर्भातच गंभीर दोष दिसला तर? 2008 साली मुंबईतील एक जोडपे हाच प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेले होते. गर्भाच्या हृदयात दोष होता आणि तेव्हाची वीस आठवड्यांची मुदत टळली होती. परवानगी मिळाली नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर, दोष गंभीर असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर चोवीस आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. पहिले शील मला येथे अस्वस्थ करते, ते मी लपवत नाही. तरीही निर्णय त्या आईचा आणि तिच्या जोडीदाराचा. समुपदेशकाने माहिती द्यावी, हुकूम देऊ नये. विहारातल्या आम्ही मंडळींनी तर त्याहून कमी बोलावे.

आजींना मी हे सगळे एवढ्या शब्दांत सांगितले नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि उपचारांची सोय आहे, त्याची चौकशी सरकारी रुग्णालयात करा, असे सांगितले. मग समुपदेशनासाठी माहिती लिहून न्यायला वही उघडली. मुलगा आणि सून मामे-आते भावंडे निघाली. सून आजींच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे आजींचे माहेर तेच सुनेचे माहेर. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला जवळ बसवून म्हणाल्या, "माझ्या आईची दोन पोरं निळी पडून गेली, भाऊ. तीही लिहा."