कौतुक मयतीपर्यंत राखून ठेवू नका



मागे एका मावशींच्या मयतीला गेलो होतो. अनेक वर्षे त्या दर शनिवारी वेदीवरची फुले सजवीत. दफनविधीनंतर घरी जमलेला प्रत्येक जण त्यांचे गुण गात होता. मीही बोललो. तेव्हा त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "हे आईने एकदा तरी ऐकायला हवं होतं." मी मान खाली घातली. मी मावशींना हे कधीच सांगितले नव्हते.

भाजीत मीठ कमी पडले की आपण पहिल्याच घासाला बोलतो. रोजच्या चवदार जेवणाबद्दल मात्र गप्प राहतो. मुलांना शाबासकी दिली तर ती शेफारतील, अशीही भीती वाटते. ही भीती अगदीच खोटी नाही. पण माणूस बिघडतो तो खुशामतीने, खऱ्या कौतुकाने नव्हे.

मग दोहोंत फरक कोणता? कैसरला कर द्यावा की नाही, या प्रश्नात येशूला अडकवण्यापूर्वी परुशी व हेरोदी यांनी त्याच्या खरेपणाची स्तुती केली (मार्क १२:१४). त्यांचे शब्द खरे होते, हेतू मात्र खोटा होता. याउलट नथनेलने नासरेथ गावाला नावे ठेवली होती, तरी येशूने त्याच्या निष्कपटपणाचे कौतुक केले (योहान १:४६-४७). कनानी स्त्रीला तर तिचा विश्वास मोठा आहे, असे सर्वांदेखत सांगितले (मत्तय १५:२८). जे दिसले तेच, मोजक्या शब्दांत आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता!

कौतुक स्वीकारावे कसे, हे पवित्र मरियेकडून शिकावे. एलिझाबेथने तिला धन्य म्हटले, तेव्हा मरियेने ते नाकारले नाही की ती फुगलीही नाही. तिने ते सारे कौतुक देवाच्या चरणी वाहिले (लूक १:४२-४९). नम्रता म्हणजे आपल्यातले चांगले नाकारणे नव्हे, तर ते कोणाकडून मिळाले हे ओळखणे होय.

आज मिस्सा संपल्यावर एका तरी व्यक्तीला मनापासून दोन शब्द सांगू या. नुसते 'छान' नको. "तुम्ही आजारी शेजाऱ्याला रोज डबा नेता, ते पाहून मलाही बळ येतं," असे नेमके बोलू या. घरी गेल्यावर स्वयंपाकघरातही हाच उपक्रम चालू ठेवू या.

मावशींना सांगायचे माझे राहून गेले. तुमचे राहू नये, हीच प्रार्थना.