पाच गुणांचा हिशेब

मी मॅट्रिक आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीसएक वर्षे लातुरात शाळेतल्या मुलांना रंग आणि रेषा शिकवतो आहे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा अणू स्थिर असतो की नसतो, यावर तोंड उघडण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. परंतु २०२४ सालच्या जुलै महिन्यात याच एका प्रश्नापायी आमच्या घरात एक रात्र कुणी जेवले नाही, आणि त्या रात्रीचा दोष आपला होता की नव्हता, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. दिवाळीत फराळाला आलेला पाहुणा चकली मोडता मोडता घरातल्या मुलांना विचारतो, "काय, किती पडले?" हा प्रश्न आला की माझे मन पुन्हा त्या रात्रीकडे जाते.

माझी भाची नांदेडची. दहावीनंतर ती आमच्याकडे राहायला आली. नांदेडात क्लास नाहीत असे नव्हे. संध्याकाळी भाग्यनगरच्या रस्त्याने चालून पाहावे, पाठीवर दप्तर घेतलेली मुले पायात येतात. परंतु माझे मेहुणे जुन्या श्रद्धेचे. नव्वदीच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत राजर्षी शाहू महाविद्यालयाची आणि लातूरची नावे ज्यांनी वर्तमानपत्रांत वाचली, त्या पिढीच्या मनातून 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द अजून गेलेले नाहीत. शिवाय लातुरात मामाचे घर. म्हणजे वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च वाचला. आमच्यासारख्या घरांत असे निर्णय निम्मे श्रद्धेने आणि निम्मे काटकसरीने होतात.

त्या काटकसरीतच माझा अपराध आहे. भाचीला भौतिकशास्त्राचे पुस्तक हवे होते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने दोन-तीन वर्षांपूर्वी वापरलेला पाठ्यपुस्तकांचा संच त्याच्या आईने मला देऊ केला. कव्हरे घातलेली, कोपरे न दुमडलेली, कामाच्या ओळींखाली पट्टीने रेघा मारलेल्या. मी तो आनंदाने घरी आणला. सौभाग्यवती म्हणालीसुद्धा, "अहो, नवं घेऊन द्या की लेकराला." मी म्हणालो, "विज्ञान काय दरसाल बदलतंय होय?"

ज्या घरांत डॉक्टर होऊ पाहणारे मूल नाही, त्यांच्यासाठी या परीक्षेची मोजदाद थोडक्यात सांगतो. परीक्षेचे नाव 'नीट'. नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नसावे, नाहीतर त्याने इतके धाडस केले नसते. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला ४ मिळतात. चुकलेल्याला ते ४ तर जातातच, वर पदरचा १ कापला जातो. कोरे सोडले तर ना लाभ ना हानी. म्हणजे आपले अज्ञान कबूल करणाऱ्यापेक्षा चुकणाऱ्याला शिक्षा अधिक. शाळेत आम्ही मुलांना "चुकलं तरी चालेल, पण लिहा" असे सांगत आलो, त्याच्या हे नेमके उलट! बारावीचे गुण केवळ उंबरठ्यापुरते: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के असले की झाले. सातवीत काढलेले सुंदर चित्र, मराठीतला निबंध, आजारी आजीची केलेली सेवा, यांना कुठेच रकाना नाही. माझ्या विषयाचे तर विचारूच नका. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या अ श्रेणीला दहावीत ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ गुण वाढीव मिळतात, म्हणून तरी मुले माझ्या वर्गात येतात. दहावी संपली की ते गुणही वाळतात.

आणि ही मोजदाद तरी कुठे एकसारखी राहिली? कधी बारावीतल्या तीन विषयांची बेरीज होती, मग राज्याची सीईटी आली. २०१३ साली देशाची एक परीक्षा झाली आणि त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१६ च्या एप्रिलअखेर न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. मे महिन्यात अध्यादेश निघून त्या वर्षापुरती राज्यांना सूट मिळाली. लातूरकरांना तो उन्हाळा दुहेरी आठवतो. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आले. घागर घेऊन रांगेत उभी असलेली पोरे एकमेकांना विचारीत होती की यंदा परीक्षा कोणती आहे.

गुणाला स्वतःचे वजन नसते, ते तागडी धरणाऱ्यावर असते, हे आम्हां मराठवाड्याच्या लोकांना आणखी एका गोष्टीने कळले. राज्यात ७०:३० चे सूत्र होते. वैद्यकीयच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला. मागासलेल्या विभागाला आधार, हा हेतू चांगला. परंतु मराठवाड्यात महाविद्यालये थोडी आणि चांगले गुण मिळवणारी लातूर-नांदेडची मुले पुष्कळ. त्यामुळे इथला मुलगा जितक्या गुणांवर घरी बसे, तितक्याच किंवा त्याहून कमी गुणांवर दुसऱ्या विभागातला मुलगा ॲप्रन चढवी. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. त्याच दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात एखाद्या घरी सुतकी शांतता पसरली असेल, हे पेढा तोंडात असताना सुचत नाही.

आता २०२४ कडे येतो. ५ मे रोजी परीक्षा झाली. सुमारे २३ लाख मुले बसली. ४ जून रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या गडबडीत, निकाल लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण! काहींना ७१८, ७१९ असेही होते. आता ४ आणि १ च्या हिशेबात हे आकडे येऊच शकत नाहीत. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मग कळले की काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ मुलांना भरपाईचे गुण दिले होते. ते पुढे काढून घेतले गेले आणि २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. पेपरफुटीचे प्रकरण तर होतेच, आणि तपासाचे धागे आमच्या लातूरपर्यंत आले तेव्हा काही दिवस आम्ही शिक्षक म्हणवून घेणारे लोक मान खाली घालून चाललो. परंतु त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते त्या अणूचे.

भौतिकशास्त्रात दोन विधाने दिली होती. एक, अणूत धन आणि ऋण भार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. कोणते विधान खरे? भाचीने पर्याय दोन भरला, दोन्ही खरी. जुन्या पाठ्यपुस्तकात तसेच होते. नव्या पुस्तकात 'प्रत्येक' जाऊन 'बहुतेक' आले होते, कारण युरेनियमसारख्यांचे अणू आपोआप मोडतात. त्यांना स्थिर कसे म्हणावे? परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दोन्ही उत्तरांना ४-४ गुण दिले. पुष्कळ मुले थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके वाचतात, हेच त्याचे कारण. भाची त्यात तरली होती. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले. तज्ज्ञ म्हणाले, उत्तर एकच, पर्याय चार. २३ जुलैला निकाल झाला. पर्याय दोन भरणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे ४ गुण गेले आणि वर १ कापला गेला. पूर्ण गुणांच्या ६७ जणांपैकी शेवटी १७ उरले.

रात्री भाची ते पुस्तक उघडून बसली होती. त्या ओळीखाली शेजारच्या मुलाने पट्टीने मारलेली तांबडी रेघ होती. मी मागे उभा राहून पाहिले आणि विज्ञान दरसाल बदलते काय, हे माझेच वाक्य कानात वाजले.

त्या वर्षी सरकारी महाविद्यालयाची यादी तिच्या अलीकडे ३ गुणांवर थांबली. ५ गेले नसते तर ती आत होती. निदान मी तसे धरून चाललो होतो.

मी तज्ज्ञांना दोष देऊ शकत नाही. जे खोटे आहे ते चार लाख मुलांनी लिहिले म्हणून खरे होत नाही. उद्या डॉक्टर झालेल्या माणसाने जुन्या पुस्तकावर विसंबून औषध द्यावे, असे आपणांपैकी कुणी म्हणेल काय? आणि ज्यांनी विचार करून पर्याय चार भरला, त्यांना चुकलेल्यांच्या पंक्तीला बसवणे हाही अन्यायच. नांदेडच्याच एका ऑटोवाल्याची मुलगी भाचीबरोबर क्लासला होती. तिचेही पुस्तक जुनेच. पण तिला वर्गात ऐकलेले रेडियम आठवले आणि तिने चार भरला. म्हणजे माझ्या अपराधाचा आधारही डळमळीत! तरीही मनातून एक गोष्ट जात नाही. परीक्षा सत्य तपासत होती हे कबूल. परंतु ज्या वाटेने ते सत्य मुलापर्यंत पोचायचे, ती वाट कुणाची नवी आणि कुणाची जुनी, हे तिने तपासले नाही. ते तिने तपासावे तरी कसे, हेही मला सांगता येत नाही.

माझ्या हातूनही मोजमाप होतेच. साठ चित्रांचा गठ्ठा घेऊन बसलो की पहिल्या दहांना हात आखडतो आणि शेवटच्या दहांना सैल सुटतो, हे मला ठाऊक आहे. एकदा एका मुलाने आकाश हिरवे रंगवले म्हणून मी गुण कापले. पुढे कळले की त्याच्याकडे रंगपेटी नव्हती, शेजाऱ्याने उसनी दिलेली एकच कांडी होती. त्याचे गुण मी वाढवले नाहीत. वाढवले असते तर ज्याने निळे आकाश नीट भरले त्याला काय सांगणार होतो? आणि अगदी बरोबरी झाली तरी कुणाला तरी मागे बसवावेच लागते. २०२० साली 'नीट'मध्ये दोघांना ७२० पैकी ७२० पडले. मुलगी वयाने लहान म्हणून दुसरी ठरली. जरा आधी जन्मायला हवे होते, एवढीच तिची चूक!

सप्टेंबरात एकदा मी कागदावर आकडे मांडत बसलो होतो. भाची चहा घेऊन आली.

"काय करायलाव मामा?"

"काही नाही. ते ५ गुण असते तर..."

तिने कप ठेवला, कागद ओढून घेतला आणि माझ्यापेक्षा शांतपणे समजावले. "माझे ५ राहिले असते तर त्या चार लाखांचेही राहिले असते की. मग यादी कुठं थांबली असती? वरच चढली असती. किती, ते तुम्हालाबी कळणार नाही अन् मलाबी नाही."

"म्हणजे माझ्या पुस्तकानं तुझं नुकसान झालं की नाही?"

"तेच तर सांगायलेय. काढता येत नाही."

ती सध्या आयुर्वेदाला आहे आणि बरी रमली आहे. पुन्हा परीक्षेला बसायचे नाही, हे तिनेच ठरवले. तिची आई माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. मेहुणे जरा कमी बोलतात. पण ते पूर्वीही कमीच बोलत.

यंदा पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा मुलगा अकरावीला गेला. बाप दारात येऊन म्हणाला, "सर, ताईची पुस्तकं पडून आहेत म्हणे." मी त्याला नवा संच घेऊन देईन म्हणालो, तर तो ऐकेना, त्याला ते उपकार वाटले. शेवटी संच काढला. भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडून ती ओळ शोधली, मऊ पेन्सिलीने 'प्रत्येक' या अर्थाचा शब्द खोडला आणि समासात 'बहुतेक' असे लिहिले. मग थोडा वेळ तसाच बसलो. बाकीच्या पानांतले काय काय बदलले असेल, ते मला ओळखता येणार नव्हते. मुलगा दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता. मी पुस्तके पिशवीत भरून त्याला दिली आणि म्हणालो, "वर्गातल्या कुणाकडे नवं असलं तर दोन्ही शेजारी ठेवून एकदा ओळ न् ओळ ताडून बघ. मीही बसतो तुझ्यासोबत."

रविवारी सकाळी येतो म्हणाला आहे.