परळच्या गोळ्यांचा हिशेब

22 फेब्रुवारी 1946. त्या शुक्रवारी परळ-लालबागच्या गिरण्या बंद होत्या. ‘तलवार’ तळावरच्या नौसैनिकांनी सोमवारी सुरू केलेल्या बंडाला पाठिंबा म्हणून सुमारे तीन लाख कामगार कामावर गेले नव्हते. काँग्रेसच्या नेत्यांचा या संपाला विरोध होता, तरी गिरणगाव रस्त्यावर उतरले. सरकारने गोरे सैनिक आणि चिलखती गाड्या बोलावल्या. परळ, लालबाग, डिलाईल रोड, गिरगाव या भागांत दोन दिवस गोळीबार होत राहिला. परळच्या महिला संघटनेत काम करणाऱ्या कमल दोंदे त्यात ठार झाल्या. त्यांच्यासोबतच्या कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. सरकारी आकड्यांनुसार 228 नागरिक मेले, 1,046 जखमी झाले.

हे 228 जण कोणाच्या हुकमावरून मारले गेले, गोळ्या कोणत्या तुकडीने झाडल्या, समोरच्या माणसाच्या हातात दगड होता की भाजीची पिशवी, याचा जाब कोणालाही द्यावा लागला नाही. नौदलाच्या बंडाची चौकशी मात्र झाली. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याच्यापुढे प्रश्न होता तो खलाशांनी बंड का केले हा. शेकडो खलाशांना नौदलातून काढून टाकले गेले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतले नाही. हुकूम मोडणाऱ्यांचा हिशेब झाला, नागरिकांवर बंदूक चालवणाऱ्यांचा झाला नाही. त्या फेब्रुवारीत न्यूरेंबर्गला खटला चालू होता आणि न्यायासनाच्या अध्यक्षस्थानी ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड जस्टिस लॉरेन्स बसले होते. वरचा हुकूम होता एवढ्यावर गुन्हेगार सुटत नाही, हे तत्त्व तिथे जर्मनांना लावले जात होते. परळला ते कोणी लावले नाही. जिंकलेल्याचा गुन्हा आणि हरलेल्याचा गुन्हा वेगवेगळ्या तराजूत तोलला जातो, ही तक्रार जगभर आहे आणि ती खरी आहे. पण त्यावरून कोणालाच तोलू नये असे ठरत नाही. एकच तराजू सगळ्यांना लावावा, एवढेच ठरते.

युद्धकाळात किंवा बंदोबस्तात सैनिकाने नागरिकांवर केलेल्या गुन्ह्याबद्दल त्याला सामान्य न्यायापुढे उभे करावे का, हा प्रश्न आज विचारला की गिरणगावातल्या बऱ्याच घरांत अस्वस्थता येते. त्याचे कारण मी समजू शकतो. इथल्या चाळींत सातारा आणि कोकणातून आलेली माणसे राहिली. त्यांच्या गावांनी पिढ्यान्पिढ्या फौजेला मुले दिली आहेत. सीमेवर उभ्या असलेल्या पोराला मुंबईत बसून कायदा शिकवणारे लोक त्यांना आवडत नाहीत. अंधारात समोरून कोण येते आहे हे कळत नसताना, शेजारचा जोडीदार नुकताच पडलेला असताना घेतलेला निर्णय वकिलाने तीन वर्षांनी चिरफाड करून तपासावा, यात अन्याय होऊ शकतो. म्हणून चूक आणि गुन्हा यांत फरक केलाच पाहिजे. पण तो फरक चौकशीशिवाय कसा करणार?

हे नीट कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1897 च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर तपासणीला शिरले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांच्या अब्रूबद्दल तक्रारी उठल्या. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्यानंतर टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच उन्हाळ्यात गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे पुढे आले नाहीत, आणि गोखल्यांना गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सैनिक, सगळ्यांची बिनशर्त माफी मागावी लागली.

या प्रसंगाबद्दल गोखल्यांची भित्रे म्हणून हेटाळणी खूप झाली. मला त्यात वेगळे काही दिसते. आरोप सिद्ध करण्याची सगळी जबाबदारी तक्रारदारावर, तीही आपली अब्रू चव्हाट्यावर मांडून आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच सरकारपुढे. अशी व्यवस्था असली की सत्य बाहेर येतच नाही. मग उरते ती एकीकडे अफवा आणि दुसरीकडे पिस्तूल. ज्या सोल्जरांनी काही वाईट केले नव्हते त्यांच्यावरचा डागही सव्वाशे वर्षांत पुसला गेलेला नाही, कारण कोणी काय केले हे कोणी शोधलेच नाही. निष्पक्ष चौकशीची गरज पीडिताला जेवढी असते तेवढीच प्रामाणिक सैनिकाला असते. ती नसली की एकाच्या पापाचे ओझे सगळ्या पलटणीवर पडते.

स्वतंत्र भारतात तरी आपण ही व्यवस्था बदलायला हवी होती. गिरगावातून चालत जाता येईल अशा गोवालिया टँकवर 8 ऑगस्ट 1942 ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला. बरोबर एका आठवड्यात, 15 ऑगस्टला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. कॅप्टन आणि त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला गरज पडल्यास जीव घेण्यापर्यंत बळ वापरता येईल, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याच्यावर खटला भरता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. 1958 मध्ये आपल्या संसदेने ‘आफ्स्पा’ हा सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा कायदा मंजूर केला तो याच वटहुकमाच्या साच्यावर. हुद्द्याची पायरी तर आणखी खाली आणली. परवानगीचे कलम तसेच राहिले. मुंबईच्या चळवळीला चिरडण्यासाठी परक्यांनी केलेली तरतूद आपण आपल्याच नागरिकांसाठी ठेवून घेतली, याची मला लाज वाटते.

ती परवानगी मिळते किती वेळा? जानेवारी 2018 मध्ये संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. जम्मू-काश्मीरमधून आलेल्या 50 प्रकरणांपैकी 47 मध्ये परवानगी नाकारलेली होती आणि 3 प्रलंबित होती. पथरीबलला मार्च 2000 मध्ये पाच माणसे अतिरेकी म्हणून मारली गेली. ते गावकरी होते असे सीबीआयने तपासात म्हटले आणि आरोपपत्र दाखल केले. खटला लष्कराने आपल्याकडे घेतला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी बंद केला. नागालँडमधल्या ओटिंगला 4 डिसेंबर 2021 च्या संध्याकाळी कोळशाच्या खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सहा जण जागीच गेले. त्यानंतर उसळलेल्या संतापात आणखी माणसे मेली, एक सैनिकही गेला. राज्य पोलिसांनी 30 सैनिकांवर आरोप ठेवले, केंद्राने परवानगी दिली नाही आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कामकाज थांबवले. ओटिंगचा गोळीबार ही चूक होती, असे कोणी म्हणेल. असेलही. ते न्यायालयात सिद्ध व्हायला काय हरकत होती?

लष्कर स्वतः न्याय करू शकत नाही असे मी म्हणत नाही. काश्मीरमधल्या माछिलच्या 2010 मधल्या बनावट चकमकीबद्दल लष्करी न्यायालयानेच आपल्या माणसांना जन्मठेप दिली. पुढे 2017 मध्ये लवादाने त्या शिक्षेला स्थगिती दिली, तरी एक गोष्ट कळली: फौजेने ठरवले तर ती आपल्या माणसांना जाब विचारू शकते, आणि त्याने फौज कोसळत नाही. मनोधैर्य खचेल, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. खरे मनोधैर्य पेशावरला 23 एप्रिल 1930 रोजी दिसले. गढवाली पलटणीच्या चंद्रसिंहांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला आणि वर्षानुवर्षे तुरुंग भोगला. आज आपण त्यांना वंदन करतो. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्याला वंदन करायचे आणि तो पाळणाऱ्याला प्रश्नही विचारायचा नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. शिवाय प्रश्न नेहमी खालच्या शिपायावर येऊन थांबता कामा नये. व्हिएतनाममध्ये मायलाईला 1968 साली शेकडो गावकरी मारले गेले. दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट कॅली, आणि तोही साडेतीन वर्षांच्या आसपास नजरकैद भोगून सुटला. हुकूम देणारे, पाहून गप्प बसलेले आणि अहवाल दाबणारे वरचे लोक त्यातून निसटले.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे, ती कडू लागली तरी. आपण रँडच्या सोल्जरांबद्दल आणि परळच्या गोळीबाराबद्दल बोलतो, कारण तिथे सोसणारे आपण होतो. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरल्या. गावे जाळली गेली, स्त्रियांची विटंबना झाली. त्या काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ रचले ते याच हाहाकाराबद्दल. बंगालमध्ये मुलांना झोपवताना आजही बर्गीचे, म्हणजे मराठा स्वारांचे, नाव येते. आपल्या शालेय इतिहासात त्याला जेमतेम जागा मिळते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये अशी सक्त ताकीद आपल्या माणसांना देणारा राजा आपलाच. त्याच्या शिस्तीचा अभिमान बाळगायचा तर पुढच्या पिढीने ती मोडली तेव्हाचा हिशेबही आपल्याकडेच येतो. वर्दी आपली असताना प्रश्न विचारता आला तरच तो न्यायाचा प्रश्न असतो.

सर्वोच्च न्यायालयात 8 जुलै 2016 रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांनी मणिपूरच्या प्रकरणात सांगितले की अशांत भागातही लष्कराला सरसकट अभय नाही. आता संसदेने पुढचे पाऊल उचलावे. खटल्याच्या परवानगीवर ठरावीक मुदतीत निर्णय व्हावा, नकार दिला तर कारणे लेखी द्यावीत आणि ती न्यायालयात तपासता यावीत. बलात्काराच्या आरोपात परवानगीची अट काढून टाकावी, असे न्यायमूर्ती वर्मा समितीने 2013 मध्येच सुचवले आहे. आणि मुंबईकरांना एक विनंती. परळ, लालबाग, डिलाईल रोड, गिरगाव इथल्या ज्या घरांत 1946 च्या त्या दोन दिवसांची आठवण अजून सांगितली जाते, त्यांनी ती लिहून काढावी: कोण गेले, कुठे, कसे. त्या 228 जणांपैकी कमल दोंदेंचे नाव आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांचीही नावे माहीत व्हायला हवीत.