तात्पर्य पाठ, कविता कोरी

उत्तरपत्रिका समोर ठेवा. मिल्टनच्या आंधळेपणावरच्या सुनीताबद्दल जवळजवळ सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय : संकटात धीर धरावा व ईश्वरावर श्रद्धा ठेवावी, असा संदेश कवी देतो. स्वल्पविरामसुद्धा गाईडमधला! नक्कल केलीत याचा राग आहेच. पण एवढ्या मोठ्या माणसाची तगमग तुम्ही फळ्यावरच्या सुविचारात बसवलीत, याचा जास्त आहे.

कोण होता हा माणूस? क्रॉमवेलच्या राजवटीचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळणारा, लॅटिनमधून युरोपातल्या विद्वानांशी दोन हात करणारा. 1652पर्यंत, वयाच्या 43व्या वर्षी, दोन्ही डोळे गेले. ‘पॅराडाइज लॉस्ट’ छापून आलं 1667 साली. म्हणजे डोळे गेले तेव्हा त्याचं सगळ्यांत मोठं काम व्हायचंच होतं.

आता कवितेचं पान उघडा. मत्तयाच्या शुभवर्तमानातला एक दृष्टांत त्याला छळतोय. धनी परगावी जाताना दासांकडे पैसा सोपवतो. एक दास भीतीपोटी तो जमिनीत पुरून ठेवतो, आणि धनी परतल्यावर त्याला बाहेरच्या अंधारात टाकलं जातं. डोळे गेलेल्या माणसाने हा अंधार कसा वाचला असेल? आपल्याकडे दिलेली ठेव तशीच पडून राहिली, तर आपलाही हिशेब असाच होणार का, ही त्याची भीती आहे. उजेड काढून घेतल्यावरही देव दिवसभराची मजुरी मागतो का, असं तो विचारतो. एका कट्टर श्रद्धावंताचा प्रश्न आहे हा! तुमच्या एकाच्याही उत्तरात तो नाही.

सुनीताला नवव्या ओळीपासून वळण लागतं, हे तुम्हाला पाठ आहे. इथे ते आठव्या ओळीच्या मध्येच येतं, हे कुणी पाहिलं? धीर पुढे होतो आणि कुरकुर अर्ध्यावर अडवतो. म्हणजे कवी तुम्हाला उपदेश करत नाहीये, त्यालाच कुणीतरी थांबवतंय. थांबून राहणाऱ्याचीही चाकरी धरली जाते, या उत्तराला वजन आहे ते आधीच्या प्रश्नामुळे. प्रश्न गाळलात, तर उत्तर पोकळ.

जॉर्ज हर्बर्टचंही तुम्ही तेच केलंत. सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनचा हा पाद्री 1633 साली, चाळिशी गाठायच्या आत गेला. त्याची ‘द कॉलर’ 36 ओळींची. पहिल्या दोन ओळींतच टेबलावर हात आपटून तो म्हणतो, बस्स, मी चाललो. मग 32 ओळींपर्यंत नुसता संताप. शेवटच्या चार ओळींत कुणीतरी लेकराला मारावी तशी हाक मारतं आणि बंड जिरतं. तुमचं उत्तर काय? ‘कवी ईश्वराला शरण जातो.’ आणि 32 ओळींचं भांडण कुठे गेलं?

श्रद्धा असली की प्रश्न पडत नाहीत, हे तुम्हाला कुणी शिकवलं? बायबल तोंडपाठ असलेल्या या माणसांनी आपली शंका कागदावर उतरवली. आणि तुम्ही विशीतली मुलं चार गुणांसाठी ती खोडून टाकता! बुद्धी कमी नाही तुमच्यात, कष्ट नकोत.

उद्या गाईड घरी ठेवून या. दोन्ही कविता मोठ्याने वाचा, कवीची तक्रार काय आहे ती आधी तुमच्या शब्दांत लिहा, मगच शेवटाकडे जा. ‘असा संदेश कवी देतो’ हे वाक्य पुन्हा दिसलं, तर ते पान मी तपासणार नाही.